चिंता आणि श्वास

पाऊस लांबला की शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो. परीक्षा आली की मुलाचे हात कापतात. हे नुसते मनाचे दुखणे नव्हे. पतंजलींनी योगसूत्रांत विक्षिप्त चित्ताचे चार सोबती सांगितले: दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास. मरणाची धास्ती तर विद्वानालाही सुटत नाही, असे ते म्हणतात. मग लाज कसली?

पुण्याने या वाटेचा एक साधक पाहिला. बालपणी दुखण्यांनी खंगलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली इथे योग शिकवायला आले. त्यांनी आरंभ शरीरापासून केला. १९७५ साली त्यांची संस्था उभी राहिली.

तेव्हा गुरुजी, घाबरलेल्या मुलाला दटावू नका. ताठ बसवा, श्वास सावकाश सोडू द्या. भीती हटेचना, तर डॉक्टरांना दाखवा.