चित्रपटातील जुन्या बसगाड्या : एक अनभिप्रेत इतिहाससाधन

प्रस्तावना :

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात कागदपत्रे, वृत्तपत्रे, शासकीय अहवाल व आत्मचरित्रे या साधनांचा वापर रूढ आहे. त्या तुलनेत कथाचित्रपटाकडे साधन म्हणून पाहण्याची वृत्ती कमी आढळते. चित्रपट म्हणजे कल्पित, आणि कल्पिताला पुराव्याचे मोल नाही, असा त्यामागील समज असतो. परंतु कथा कल्पित असली तरी तिच्या पाठीमागून जाणारी बस कल्पित नसते. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉख यांनी हेतुपुरस्सर मागे ठेवलेली साक्ष आणि नकळत मागे राहिलेली साक्ष यांत भेद करून दुसरीला विशेष महत्त्व दिले. या भेदाच्या आधारे, चित्रपटातील जुन्या बसगाड्या कशा ओळखाव्यात आणि त्यांच्या साक्षीच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात मुंबईची बेस्ट व महाराष्ट्राची एस. टी. यांच्या संदर्भात केला आहे.

ओळखीच्या खुणा :

बसची ओळख दुहेरी असते. चॅसिस एका कारखान्याची, तर वरील बांधणी बहुधा दुसऱ्या कार्यशाळेची. एस. टी.च्या अनेक गाड्यांची बांधणी दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळांत झाली. त्यामुळे केवळ खिडक्या व छत पाहून कंपनीचे नाव सांगणे धोक्याचे ठरते. पुढील जाळी, तिच्यावरील चिन्ह, बॉनेट पुढे आलेले आहे की चालकाची जागा थेट दर्शनी भागात आहे, या खुणा अधिक विश्वासार्ह होत.

टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीशी करार केला. या करारकाळातील गाड्यांच्या जाळीवर तीन टोकांचा तारा दिसतो. करार १९६९ मध्ये संपल्यानंतर ताऱ्याची जागा टाटांच्या स्वतःच्या चिन्हाने घेतली. चित्रचौकटीत ताऱ्याची टाटा बस दिसली तर ते चित्रण १९५४ पूर्वीचे नाही, एवढे निश्चित म्हणता येते. ते १९६९ पूर्वीचेच असले पाहिजे, असे मात्र म्हणता येत नाही. कारण गाडी रस्त्यावर आल्यानंतर अनेक वर्षे धावत राहते. एखादी वस्तू केव्हा निर्माण झाली यावरून काळाची पूर्वमर्यादा मिळते. उत्तरमर्यादा मिळण्यासाठी ती वस्तू केव्हा नाहीशी झाली हे कळावे लागते.

हाच नियम इतर खुणांनाही लागू पडतो. गाडीच्या अंगावर महाराष्ट्र राज्याचे नाव असेल तर चित्रण १ मे १९६० नंतरचे होय. क्रमांकपाटीवर ‘एमएच’ ही अक्षरे असतील तर ते १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आल्यानंतरचे होय. एस. टी.च्या क्रमांकाबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘एमएच २०’ ही अक्षरे पाहून गाडी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आगाराची मानली जाते. वस्तुतः ती चिकलठाणा कार्यशाळेत बांधली गेल्याने तेथे नोंदलेली असू शकते आणि सेवा कोकणातील एखाद्या आगारात देत असू शकते.

मुंबईची उदाहरणे :

मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. दुमजली बस १९३७ मध्ये आली आणि जुन्या पद्धतीची शेवटची डिझेल दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. म्हणजे नुसती दुमजली बस साडेआठ दशकांपैकी कोणत्याही वर्षाची असू शकते. येथे सभोवतालची साक्ष उपयोगी पडते. चौकटीत धावती ट्राम असेल तर चित्रण ३१ मार्च १९६४ पर्यंतचे ठरते, कारण त्या दिवशी मुंबईची ट्राम बंद झाली. गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर धावती ट्रॉलीबस दिसत असेल तर काळ १९६२ ते १९७१ इतका आखूड होतो.

कालनिश्चिती हा या अभ्यासाचा एक भाग झाला. सामाजिक आशय हा दुसरा. बासू चटर्जी यांचा ‘छोटी सी बात’ (१९७६) हा चित्रपट ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ (१९६०) या इंग्रजी चित्रपटावर बेतलेला आहे. कथानक परके असले तरी बसथांब्यावरची रांग मुंबईचीच आहे. कचेरीत जाणारे तरुण-तरुणी एकाच रांगेत उभे राहतात, ओळख होण्यास तोच अवकाश पुरतो, आणि प्रतिस्पर्ध्याजवळ स्कूटर असणे ही नायकाची मोठी अडचण ठरते. बस आणि स्कूटर यांमधील हे अंतर त्या काळातील मध्यमवर्गाच्या आकांक्षेचे माप आहे. नोकरदार स्त्रीचा सार्वजनिक वाहनातील सहज वावरही येथे नोंदला गेला आहे.

साक्षीची उलटतपासणी :

सर्व बसगाड्या समान मोलाच्या साक्षीदार नसतात. ‘बॉम्बे टू गोवा’ (१९७२) किंवा ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) या चित्रपटांत बस ही कथेतील पात्रच आहे. तिची निवड, सजावट व प्रवासी निर्मात्याने ठरविलेले असल्याने ती हेतुपुरस्सर साक्ष होय. त्याच चित्रपटातील रस्त्यावरून सहज ओलांडून जाणारे वाहन अधिक निरपेक्ष मानावे लागते. प्रदर्शनाचे वर्ष आणि चित्रणाचे वर्ष एकच धरणे, ही दुसरी चूक. चित्रपट रखडतात, जुने साठवलेले चित्रण नव्या चित्रपटात वापरले जाते, धावत्या गाडीच्या खिडकीबाहेरील दृश्य पडद्यावर मागून प्रक्षेपित केलेले असू शकते. तिसरी बाब ऐतिहासिक चित्रपटांची. ‘बॉम्बे व्हेल्वेट’ (२०१५) साठी जुन्या मुंबईचे रस्ते श्रीलंकेत उभारण्यात आले. अशा चित्रपटातील वाहन १९६० च्या दशकाविषयी नव्हे, तर २०१५ साली त्या दशकाची कोणती स्मृती शिल्लक होती याविषयी साक्ष देते.

निष्कर्ष :

निवृत्त बस भंगारात जाते. तिचे जतन होणे हा अपवाद. त्यामुळे तिच्या धावत्या रूपाचा पुरावा पुष्कळदा चित्रफितीतच उरतो. पण चित्रफीतही नाशवंत आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या साठ्याला लागलेल्या आगीत अनेक जुने चित्रपट नष्ट झाले. त्या हानीचा विचार प्रायः कलाकृतींच्या दृष्टीने होतो. त्या फितींबरोबर रस्ते, थांबे, पाट्या आणि वाहने यांची नोंदही गेली, याकडे लक्ष जात नाही. म्हणून चित्रपटांच्या सूचीत कलावंत व तंत्रज्ञांच्या नावांबरोबर चित्रणस्थळे आणि ओळखता येणारी वाहने यांचीही नोंद होणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांना स्थानिक पातळीवर हे काम हाती घेता येईल. निवृत्त चालक, वाहक व कार्यशाळांतील कामगार हे या ओळखीचे जाणकार आहेत. त्यांचे ज्ञान कागदावर आलेले नाही. ते हयात असेपर्यंतच ही साक्ष पडताळून घेता येईल.