बजाज

यवतमाळच्या बाजारात ‘बजाज’ म्हटलं की आधी दुचाकी डोळ्यांसमोर येते, नाहीतर शेजारच्या वर्ध्याचे उद्योगपती जमनालालजी. मूळ शब्द मात्र कापडाचा आहे. अरबीत ‘बझ्झ’ म्हणजे कापड आणि ‘बझ्झाज’ म्हणजे ते विकणारा. फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडे बजाज होऊन आला, आणि धंद्याचं नाव आडनावाला चिकटलं.

हाच शब्द पश्चिमेलाही गेला. इस्तंबूलचा प्रसिद्ध छताखालचा बाजार सुलतान दुसरा मेहमद याच्या काळात, 1453 मध्ये शहर जिंकल्यावर काही वर्षांतच उभा राहू लागला. त्याच्या सर्वांत जुन्या गाभ्याला ‘बेदेस्तेन’ म्हणतात, म्हणजे मुळात ‘बझ्झाजिस्तान’, बजाजांचं ठिकाण! कब्रस्तानातला ‘स्तान’ तोच. नंतर तिथं दागिने आणि जुन्या मौल्यवान वस्तू आल्या, पण नाव कापडाचंच राहिलं.

आमच्या जिल्ह्याच्या काळ्या मातीत कापूस पिकतो, म्हणून या शब्दाचं कापडाशी असलेलं नातं मला फार जवळचं वाटतं. दिवाळीनंतर कापूस विकून आलेलं घर आधी कापडाच्या दुकानाची पायरी चढतं. तुमच्या गावात जुनी माणसं कापड दुकानदाराला काय म्हणत, ते विचारून लिहून ठेवा.