तालीम, कवायत आणि छंद : हिंगोलीच्या निमित्ताने

मराठी माणूस आजही वादात 'पवित्रा' घेतो, विरोधकाशी 'दोन हात' करतो, 'शड्डू ठोकून' उभा राहतो आणि निवडणुकीच्या 'आखाड्यात' उतरतो. वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून हे शब्दप्रयोग रोज आपल्यासमोर येतात. लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने कधी तांबड्या मातीला पाय लावलेला नसतो, पट्टा तर संग्रहालयाच्या काचेपलीकडेच पाहिलेला असतो. शरीराने सोडून दिलेली विद्या भाषेने मात्र सांभाळून ठेवली आहे.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गावी चाळिशीतल्या एखाद्या शिक्षकाला किंवा शिक्षिकेला वाटले, की आपण स्वसंरक्षणाची एखादी कला छंद म्हणून शिकावी, तर त्यांच्या वाट्याला बहुधा कराटे किंवा तायक्वांदो येते. ज्या पट्ट्याच्या आणि काठीच्या 'हातां'वर आपली निम्मी भाषा पोसली गेली, ते शिकवणारा सापडणे अवघड. या वस्तुस्थितीवर 'आपण आपले विसरलो' असा उसासा टाकून मोकळे होता येते. परंतु विस्मरणालाही इतिहास असतो, आणि तो पाहिला तर उसाशापेक्षा थोडे अधिक काही हाती लागते.

आरंभ हिंगोलीपासूनच करू. १९९९ च्या महाराष्ट्रदिनी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्याचा उत्तर भाग होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती व ती १९०३ पर्यंत टिकली. या मुलखात त्या काळी शस्त्र बाळगणे ही हौस नव्हती. हटकर नाईकांचे बंड मोडण्यासाठी १८१९ मध्ये निजामाच्या फौजेला याच परिसरात मोठी मोहीम काढावी लागली होती. रस्त्यांची अवस्था तर इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असलेल्या एका पुस्तकातच आली आहे. निजामाच्या नोकरीतील फिलिप मेडोज टेलर याने १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीच्या हरीसिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकिकत देतो. हा गृहस्थ छावणीत प्रतिष्ठित म्हणून वावरे आणि खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचे आहे असे सांगून त्याने अधिकाऱ्याकडून परवाना मिळवला, ते कापड घेऊन येणाऱ्या खऱ्या व्यापाऱ्याला त्याच्या माणसांसह वाटेत ठार केले आणि माल छावणीच्या बाजारात उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच कबुली दिली, तेव्हा हे उघड झाले.

ठगांविषयीचे बरेचसे लेखन माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभे आहे आणि त्याला इंग्रजी राज्यकर्त्यांच्या दृष्टीचा रंग आहे, हे अलीकडच्या अभ्यासकांचे म्हणणे ध्यानात ठेवूनही या हकिकतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. त्या काळच्या वाटसरूचे रक्षण त्याच्या मनगटातील कसबावर फारसे अवलंबून नव्हते. ते सोबतीवर, तांड्यावर, बरोबर घेतलेल्या हत्यारबंद माणसांवर अवलंबून होते. हत्यार चालवणे हा काहींचा पेशा होता आणि बाकीचे त्या पेशाला पैसे मोजत. छंद म्हणून पट्टा फिरवणारा माणूस जन्माला यायला आधी हा पेशा मोडावा लागला.

तो मोडण्याची सुरुवात १८१८ साली पेशवाईच्या अस्ताबरोबर झाली. फौजा विसर्जित झाल्या आणि हजारो हातांतली विद्या बेकार झाली. १८५७ नंतर इंग्रजी मुलखात निःशस्त्रीकरण वाढले आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. अशा वेळी या विद्येला आश्रय मिळाला तो तालमीत. या संक्रमणाचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण म्हणजे पुण्यातील लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांची तालीम. ज्या मातंग समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्या समाजातील हा वस्ताद शहरातील तरुणांना दांडपट्टा आणि नेमबाजी शिकवत होता. तरुण जोतीराव फुले त्यांच्याकडे शिकले. जोतीरावांना सैन्यात जायचे नव्हते की कोणाची चाकरी करायची नव्हती. पेशाबाहेरचा माणूस स्वेच्छेने ही विद्या शिकतो, हे येथे प्रथमच ठळकपणे दिसते. याच साळवे कुटुंबातील मुक्ता ही मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकली आणि मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. शस्त्राची विद्या घेऊन अक्षराची विद्या देण्याचा हा व्यवहार मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जेवढ्या ठळकपणे नोंदवला जायला हवा, तेवढा तो नोंदवला जात नाही.

विसाव्या शतकात तालमीची संस्था झाली. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले, पुण्यात १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ आले, दादरला १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर सुरू झाले. अमरावतीच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. बडोद्याला प्रा. माणिकरावांनी सांघिक कवायतीच्या आज्ञा देशी भाषेत रूढ केल्या, तर द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध केला. वस्तादाच्या तोंडी राहिलेली विद्या छापील शब्दांत आणण्याचे हे काम मराठी कोशपरंपरेत मोलाचे आहे.

मात्र या सर्व उद्योगाचे लक्ष्य मुख्यतः बालक आणि युवक हे होते. राष्ट्र उभे करायचे तर पिढी घडवली पाहिजे, ही त्या काळाची धारणा होती. विचारांनी एकमेकांच्या विरुद्ध टोकांना असलेल्या संघटनांनीही एकच काठी हाती घेतली. १९२५ साली नागपुरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघात तिला जशी जागा होती, तशीच ती राष्ट्र सेवा दलातही होती. काठीचे 'हात' या प्रवासात कवायतीचे आकडे झाले. शंभर मुलांनी एका तालात एकच हात फिरवणे देखणे दिसते, त्यातून शिस्तही लागते. परंतु समोरच्या माणसाची हालचाल पाहून आपला पवित्रा बदलणे, जे या विद्येचे मर्म, ते त्यात मागे पडले. आणि वय वाढले की माणूस कवायतीतून आपोआप बाहेर पडला. प्रौढाला परत यायचे म्हटले तर शिरायला दार राहिले नाही.

मराठवाड्यात तर ही संस्थात्मक पायरीही नीट रचली गेली नाही. अमरावती आणि पुण्यात व्यायाममंडळे उभी राहत होती त्याच काळात हैदराबाद संस्थानात सभा भरवायला, खासगी शाळा काढायला आणि आखाडा सुरू करायलाही सरकारी परवानगी लागे. सभाबंदीची 'गश्ती निशान ५३' जुन्या पिढीच्या बोलण्यात अनेकदा येत असे. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहामागील तक्रारींत आखाड्यांवरील निर्बंधांचाही समावेश होता. आखाड्याला राज्यकर्ते घाबरतात तेव्हा तो छंदाची जागा राहू शकत नाही. तेथे जाणारा प्रत्येक जण आपोआप बंडखोर ठरतो आणि साध्या आवडीने येणारा माणूस दूर राहतो. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. वसमतच्या महाविद्यालयाने हुतात्मा बहिर्जींचे नाव धारण केले. लढ्याची स्मृती अशी संस्थांना मिळाली, पण हाताची विद्या पुढच्या पिढीकडे देणारी संस्था मिळाली नाही. कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूरच्या नावात आखाडा आहे आणि हिंगोलीचा दसरा दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतो. शस्त्रपूजनाचा दिवस आम्ही सोडला नाही, शस्त्राचा अभ्यास सोडला.

जपानची गोष्ट येथे तुलनेसाठी घ्यावीशी वाटते, कारण तिथेही पेशा असाच मोडला होता. १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी झाली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८८२ मध्ये, जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने कोदोकान ही संस्था काढली आणि जुन्या जुजुत्सूतून ज्यूदो घडवला. धोकादायक डाव बाजूला काढून उरलेल्यांचा सुरक्षित सराव करता येईल अशी पद्धत त्याने लावली आणि शिकणाऱ्यांच्या श्रेणी ठरवल्या. पुढे १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला कराटे घेऊन गेलेले गिचिन फुनाकोशी हेही शाळाशिक्षक होते आणि तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या ज्यूदोशिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावले, तेथे मुलीही शिकल्या.

या पद्धतीतील पांढरा पट्टा मला फार महत्त्वाचा वाटतो. चाळीस वर्षांच्या माणसाला 'मी नवशिका आहे' असे कमरेला बांधून, लाज न वाटता, वीस वर्षांच्या मुलाशेजारी उभे राहण्याची सोय त्याने केली. आपल्या तालमीत वस्ताद होता आणि पठ्ठा होता. पठ्ठा म्हटला की तो कोवळ्या वयाचा आणि पुढे नाव काढणारा. मध्यमवयीन, सामान्य कुवतीच्या, कधीच फड न गाजवणाऱ्या माणसासाठी तालमीच्या शब्दकोशात शब्दच नव्हता. कराटे हिंगोलीपर्यंत पोहोचले ते त्याचे डाव श्रेष्ठ म्हणून नव्हे, नवख्या प्रौढाला मान देणारी संस्था त्याच्याबरोबर आली म्हणून. आता आपल्या गावांत त्याचेही वर्ग मुख्यतः लहान मुलांसाठी चालतात, ही गोष्ट वेगळी.

हे आपल्या परंपरेला अशक्य होते असे नाही, याची साक्ष शेजारच्या नांदेडला मिळते. दसऱ्याला आणि होला मोहल्ल्याला तेथे निघणाऱ्या हल्लाबोल मिरवणुकीत गतका खेळणारे सर्व वयांचे असतात. गतका म्हणजे आपल्या फरीगदग्याचा सख्खा भाऊ. नरसी नामदेवच्या दर्शनाला येणाऱ्या शीख यात्रेकरूंमुळे हिंगोलीकरांना हा समाज परका नाही. त्यांच्यात ही विद्या वयाशी बांधली गेली नाही, ती समाजजीवनाचा भाग राहिली. म्हणूनच गतका २०२२ मध्ये पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत मल्लखांबाबरोबर मानाने उतरू शकला. आपल्याकडे २०२० च्या जुलैमध्ये पुण्याच्या रस्त्यावर काठी फिरवणाऱ्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजींची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्या डोंबारी समाजातील होत्या. मंडळांनी आणि पाठ्यक्रमांनी न जपलेले हात रस्त्यावर खेळ करून पोट भरणाऱ्यांनी जपले, हे त्या दिवशी अनेकांच्या प्रथमच लक्षात आले.

स्त्रियांचा प्रश्न याहून निकडीचा आहे. १९३६ साली वर्ध्याला स्थापन झालेल्या राष्ट्र सेविका समितीसारखे प्रयत्न सोडले, तर तालीम पुरुषांचीच राहिली. आज सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांच्या आत्मरक्षा प्रशिक्षणाची योजना आहे. पण तीन महिन्यांत डाव कळतो, अंगी मुरत नाही. बारावीनंतर तर सारेच थांबते. नोकरीला जाणारी, रात्रीच्या एसटीने परतणारी प्रौढ स्त्री या योजनेच्या बाहेर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ यांनी तिला स्वतःच्या बचावाचा हक्क दिलेला आहे, पण हक्क वापरायला सराव लागतो. अर्थात कोणत्याही वर्गाने संपूर्ण सुरक्षिततेचे आश्वासन देऊ नये. हरीसिंगच्या वाटेवर मेलेल्या व्यापाऱ्यासोबतही माणसे होती. नियमित सरावाने मिळते ते थोडे वेगळे असते: अंतर ओळखण्याची नजर, अंगावर हात आला तर गोठून न जाण्याची सवय, आणि मागे सरणे हाही एक डाव आहे याचे भान.

मराठीत 'हौशी' हा शब्द दोन प्रकारे वापरला जातो. कुस्तीत किंवा गाण्यात तो कमीपणाचा असतो, नाटकात मात्र त्याला मान आहे. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेने जिल्ह्याजिल्ह्यांतील कारकून, शिक्षक, गृहिणी यांना दरवर्षी रंगमंच दिला आणि हौशी रंगभूमी ही मराठी संस्कृतीतील सन्मानाची गोष्ट ठरली. त्यातल्या बहुतेकांना पोटासाठी नट व्हायचे नव्हते. पट्ट्याच्या आणि काठीच्या वाट्याला असे हौशी आले नाहीत, कारण त्यांना जमायला जागा नव्हती.

ती देणे फार खर्चाचे नाही. आपल्या बहुतेक महाविद्यालयांची व्यायामशाळा संध्याकाळी बंद असते. तिचे कुलूप आठवड्यातून तीन दिवस गावातल्या प्रौढ स्त्रीपुरुषांसाठी उघडले आणि तेथे कराटेच्या शिक्षकाबरोबर काठीचा एखादा जाणकार बोलावला, तर एवढ्यानेही सुरुवात होईल. तो जाणकार शोधायला कदाचित गावाच्या कडेच्या पालावर जावे लागेल. जोतीरावही एकदा असेच वेशीबाहेरच्या समाजातल्या वस्तादाकडे गेले होते.