विणल्याविना झालेले वस्त्र

इ. स. 1910 च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगाने कहर मांडला, तेव्हा चीनच्या दरबाराने बंदोबस्तासाठी हार्बिनला रवाना केलेल्या, पेनांगला जन्मून केंब्रिजला शिकलेल्या डॉ. वू लिएन-तेह यांनी, हा रोग रुग्णाच्या श्वासातूनच फैलावतो असा निष्कर्ष काढून, गॉजच्या घडीत कापूस घातलेली मुखपट्टी वैद्यांपासून प्रेतवाहकांपर्यंत सर्वांना बांधावयास लावली. मेस्नी नामक फ्रेंच वैद्याने तिची अवहेलना केली आणि थोड्याच दिवसांत तो प्लेगालाच बळी पडला. (आपल्या मुंबईचा 1896 चा प्लेग प्रामुख्याने गाठीचा, पिसवांमार्फत पसरणारा; तेथे मुखपट्टीला असे महत्त्व नव्हते.)

तथापि कापड चाळणीप्रमाणे गाळते ही समजूत मात्र अपुरी होती. वीण दाट करावी तर श्वास कोंडतो. आणि जड कण वळणावर तंतूवर आदळतात, अतिसूक्ष्म कण स्वतःच्या चंचल गतीने तंतूंना जाऊन भिडतात, परंतु सुमारे 0.3 मायक्रॉनचे मधले कण दोहोंतून निसटतात. त्यांना धरण्याची युक्ती 1930 च्या सुमारास डेन्मार्कच्या हान्सेन यांनी काढली: लोकरीत राळेची पूड मिसळून ती पिंजली असता घर्षणाने विद्युद्भार उत्पन्न होतो आणि मोकळ्या, श्वासाला न अडविणाऱ्या पुंजक्यातही धूळ खेचली जाते. तेलाचे तुषार लागले की हा भार नाहीसा होई, हा त्यातला दोष.

पुढची प्रगती, खेदाने म्हणावे लागते, कामगाराच्या छातीसाठी नव्हे तर युद्धाच्या व अणुस्फोटाच्या धास्तीने झाली. 1938 साली मॉस्कोत पेट्र्यानोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुवारिकाच्या द्रावणातून विद्युत्क्षेत्राच्या बळावर तंतू ओढले. तर 1950 नंतर अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत व्हॅन वेन्टे यांनी, वातावरणातील किरणोत्सर्गी कण टिपण्याकरिता, वितळलेले प्लास्टिक बारीक छिद्रांच्या रांगेतून दाबून वेगवान तप्त हवेच्या झोतात उधळले. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे ते धागे, परंतु जाडी एका मायक्रॉनच्या आसपास. उडत येऊन पडतात, परस्परांना चिकटतात आणि मागाशिवाय, ताण्या-बाण्याशिवाय पट तयार होतो.

गिरण्यांच्या पिंजणखात्यात तोंडाला फडके बांधून तंतूंची धूळ गिळणाऱ्यांच्या पिढ्या तोवर खोकत संपल्या होत्या. न विणलेल्या तंतूंचा, एकदा वापरून टाकावयाचा धूळरोधक मुखवटा अमेरिकी सरकारने मंजूर केला तो 1972 साली. विद्युद्भार टिकाऊ करण्याचे काम पुढे टेनेसी विद्यापीठातील पीटर त्साई यांनी केले: पॉलिप्रॉपिलीनच्या पटाला तीव्र विद्युत्क्षेत्रातून नेऊन त्यांनी तंतूतच भार कोंडला, त्यामुळे श्वासाला अडथळा न वाढविता गाळण्याची शक्ती कैक पटींनी वाढली. 2020 साली मुखवट्यांचा दुष्काळ पडला तेव्हा, निवृत्तीत असलेले हेच गृहस्थ, ते मुखवटे पुनःपुन्हा कसे वापरता येतील याचा शोध घेण्यास बसले; कारण साबणाने किंवा मद्यार्काने धुतल्यास पट शाबूत दिसतो, परंतु भार गेलेला असतो आणि उरते ते निव्वळ विरळ कापड.