सिलिएक असलेल्या मुलाचं जेवण : काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं

मुलाचं वजन वाढत नाही, पोट फुगलेलं आणि हातपाय बारीक, जुलाब थांबत नाहीत किंवा उलट शौचालाच होत नाही, चेहरा पिवळट, सारखी चिडचिड. घरात कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं जंत झाले, कुणी म्हणतं दूध पचत नाही. दुआ आणि दम जरूर करावा, पण त्यासोबत बालरोगतज्ज्ञाला एक प्रश्न विचारावा : हा सिलिएक तर नाही ना? काही मुलांत पोटाची तक्रार नसते. फक्त उंची वाढत नाही, किंवा लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही. अशा वेळीही हा प्रश्न विचारायला हवा.

सिलिएक म्हणजे काय?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. गव्हाची कणीक ताणली जाते, पोळी फुगते, ती त्याच्यामुळे. सिलिएक असलेल्या मुलाचं शरीर ग्लुटेन आत आलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आत अन्न शोषून घेणारे बारीक केसांसारखे उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात. मग मूल खातं, पण अंगाला लागत नाही. लोह, कॅल्शियम, फॉलेट, ड जीवनसत्त्व, झिंक, सगळ्यांची कमतरता होते.

ही साधी ॲलर्जी नाही आणि वयाबरोबर जाणारा आजारही नाही. प्रवृत्ती जन्मजात असते. म्हणून एका मुलाला निघाला की सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करायची असते, तक्रार नसली तरी.

हा उत्तरेकडचा आजार आहे असं लोक म्हणतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांच्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडं जास्त, तर दक्षिणेत हजारात एक असं प्रमाण दिसलं होतं. पण आता आपल्याकडेही सकाळी पाव-बिस्किट, डब्यात चपाती, संध्याकाळी नूडल्स, असा गहू तिन्ही वेळा पोटात जातो. आपल्या भागात हा आजार नसतो असं धरून चालू नये.

आधी तपासणी, मग पथ्य

इथे बरीच कुटुंबं घाई करतात. कुणीतरी सांगतं गहू बंद करा, मूल बरं वाटायला लागतं आणि मग तपासणी होते. पण गहू बंद असला की रक्तातल्या खुणा उतरत जातात आणि अहवाल चुकीचा 'ठीक' येऊ शकतो. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत मुलाला गहू चालू ठेवायचा.

पहिली तपासणी रक्ताची, तिला टीटीजी-आयजीए म्हणतात. सोबत एकूण आयजीए पाहतात, कारण काही मुलांत ते मुळातच कमी असतं. नंतर बहुतेक वेळा दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात. टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यातली ईएमए तपासणीही तेच सांगत असेल, तर तुकडा न काढता निदान करता येतं, असं युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या 2020 च्या सूचना सांगतात. तुमच्या मुलासाठी काय योग्य, ते डॉक्टर ठरवतील. पथ्य आयुष्यभराचं आहे, म्हणून निदान अंदाजावर नको.

काय बंद करायचं?

गहू त्याच्या सगळ्या रूपांत : कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, बिस्किट, खारी, नानखटाई, नूडल्स. जव आणि जवापासून बनलेलं माल्ट. दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींत माल्ट असतं, आणि अशक्त मुलाला नेमकी तीच दिली जाते. ओट्समध्ये गव्हाची भेसळ सहज होते. शुद्ध ओट्स बहुतेक मुलांना चालतात, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नयेत. बाजारातल्या बांधणी हिंगात मैदा असतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो.

आपल्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. आजारी, अशक्त माणसाला तलबीना देण्याची पद्धत आपल्यात आहे. तिच्याबद्दलचा आदर आम्ही समजतो. पण तलबीना जवाची असते, आणि सिलिएक असलेल्या मुलाला जव गव्हाइतकाच नुकसान करतो. सत्तूतही चण्याबरोबर जव किंवा गहू मिसळलेला असू शकतो. मुलाला तांदळाची किंवा नाचणीची खीर द्या, त्यात खजूर घाला. मूल एक वर्षाच्या वरचं असेल तर मधही चालतो.

'थोडंसं खाल्लं तर काय होतं?' हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. त्याचा हिशेब असा : एका मध्यम चपातीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज 50 मिलिग्रॅम पोटात गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते. म्हणजे चपातीचा पन्नासावा भाग, एक चिमटी. मुलाला लगेच उलटी झाली नाही म्हणजे नुकसान झालं नाही, असं नसतं.

काय बंद करायचं नाही?

हा भाग तितकाच महत्त्वाचा. निदान झालं की घाबरलेले आईबाप गव्हाबरोबर भात, बटाटा, दूध, साखर, सगळंच बंद करतात. कुणी सगळी धान्यं सोडायला लावणारा 'स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट' सुचवतं. तो कुठून आला, ते माहीत असावं.

1924 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी सिलिएकच्या मुलांना केळ्यांचा आहार दिला. पाव, धान्य, बटाटा बंद. मुलं सुधारली आणि केळ्यात औषध आहे असा समज झाला. खरं कारण नंतर कळलं. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय होताच. 1944-45 च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तिथे भीषण उपासमार होती, पाव मिळत नव्हता, आणि सिलिएकची मुलं मात्र बरी होत होती. पाव परत आला आणि आजारही परत आला. 1950 मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला आणि दोष गव्हाकडे आहे हे पुढे आलं. केळ्यांच्या आहारात मुलं सुधारली, ती त्यात गहू नव्हता म्हणून.

हास यांचीच पद्धत पुढे एलेन गॉटशॉल यांच्या पुस्तकातून 'स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट' म्हणून पसरली. त्यात भात, ज्वारी, मका, बटाटा, साखर, साधं दूध, काहीच चालत नाही. सिलिएकसाठी एवढं तोडण्याची गरज नाही. ग्लुटेन पूर्ण बंद करणं हाच सिद्ध झालेला इलाज आहे. आधीच वजन कमी असलेल्या मुलाचं निम्मं ताट आणखी रिकामं केलं, तर वाढ खुंटते, आणि पथ्य इतकं जड होतं की मूल चोरून खायला लागतं.

दुधाचं वेगळं आहे. आतडं सोललेलं असताना काही मुलांना दूध पचत नाही. काही आठवडे ते कमी करायला डॉक्टर सांगू शकतात. दही बहुधा चालतं. आतडं भरून आलं की दूध पुन्हा सुरू करायचं. ते कायमचं बंद करू नये.

ताटात ठेवण्यासारखं आपल्याकडे भरपूर आहे : तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा, पोहे, सगळ्या डाळी, अंडी, मटण, मासे, भाज्या, फळं, शेंगदाणे. 100 ग्रॅम नाचणीत 340 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. मराठवाड्यातली ज्वारीची भाकरी, खानदेशातली बाजरी, कोकणातली तांदळाची भाकरी, घावन आणि तांदळाचं सांदण, हे सगळं मुळातच ग्लुटेनशिवाय आहे. महागडी आयात पाकिटं घ्यायलाच हवीत असं नाही. घेतलीत तर दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा : ग्लुटेन-फ्री म्हणजे हलाल असेलच असं नाही, आणि हलाल म्हणजे ग्लुटेन-फ्री असेलच असं नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेल्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं.

गिरणी आणि स्वयंपाकघर

भाकरी ज्वारीची, पण ज्वारी दळली ती गव्हानंतर त्याच जात्यात, तर पथ्य मोडलंच. गिरणीवाला भला माणूस असला तरी जातं तेच असतं. शक्य असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतली तरी चालेल, अट तीच. तांदूळ, ज्वारी आणि चणाडाळ निवडून, धुऊन, वाळवून दळा. बाजारच्या सुट्या पिठावर भरवसा ठेवू नका.

मुलासाठी वेगळा तवा, पोळपाट-लाटणं, चाळणी आणि पिठाचा डबा ठेवा. ज्या तेलात समोसे तळले, त्यात त्याची भजी तळू नका. भांडी साबणाने नीट धुतली की ताट-वाटी वेगळी लागत नाही. मुलाला घरात परकं वाटेल असं काही करू नये. जमलं तर रात्रीचं जेवण सगळ्यांनी भात किंवा भाकरीचंच करावं. आईचं कामही त्याने हलकं होतं.

रमजान, ईद आणि नियाज

खरी परीक्षा इथे असते. हलीम आणि खिचडा यांत गहू, बऱ्याचदा जवही. मलीदा गव्हाचा. समोसा, नान, शीरमाल, मालपुवा, जिलेबी मैद्याची. शीरखुर्म्याच्या शेवया गव्हाच्या. कबाबात पावाचा चुरा घालतात. बिर्याणी साधारण चालते, पण विकतच्या तळलेल्या कांद्यावर मैदा भुरभुरलेला असू शकतो.

ईदच्या सकाळी तांदळाच्या शेवयांचा शीरखुर्मा मुलासाठी वेगळ्या भांड्यात आधी करा. फिरनी आणि तांदळाची खीर तर सगळ्यांनाच चालते. हलीम डाळ, तांदूळ आणि मटणाचं करता येतं. इफ्तारला खजूर, फळं, चणे, दही आहेतच, फक्त चमचा दुसऱ्या भांड्यातून फिरू नये.

दादी, खाला, शेजारच्या आपा प्रेमाने म्हणतात, 'बिस्मिल्लाह म्हणून खा बाळा, नियाजचं आहे, काही होत नाही.' त्यांना नाही म्हणणं आईला, विशेषतः सुनेला, जड जातं. हे काम अब्बूंनी करावं. सणाआधीच घरच्या मोठ्यांना शांतपणे सांगावं, जमल्यास एकदा डॉक्टरांकडे सोबत न्यावं. जीव जपणंही दीनचाच भाग आहे. तबर्रुक म्हणून मुलाच्या हातात खजूर किंवा फळ देता येतं.

नाबालिग मुलावर रोजा फर्ज नाही, आणि आजाऱ्याला सूट आहे. मूल हौसेने रोजा धरतो म्हणालं, तर वजन आणि रक्त सुधारल्यावर डॉक्टरांना विचारून ठरवावं. बालिग मुलांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन आलिमना विचारावं.

शाळेत

वर्गशिक्षकांना लेखी चिठ्ठी द्या : आजाराचं नाव, काय चालत नाही, कुणाला फोन करायचा. आम्ही शिक्षक रोज पाहतो की मुलं डबे अदलाबदल करतात आणि वाढदिवसाला केक वाटला जातो. वर्गात मुलासाठी चिक्की किंवा राजगिऱ्याच्या लाडवाचा छोटा डबा ठेवून दिला तर ते वेगळं पडत नाही. मैद्याच्या मातीने खेळल्यावर हात धुवायला लावावेत. शालेय पोषण आहारातली भाताची खिचडी बहुधा चालू शकते, पण हिंग आणि मसाल्याची चौकशी करावी. आणि मुलाला एक वाक्य पाठ करून द्या : 'मला गहू चालत नाही, शुक्रिया.' सात-आठ वर्षांचं मूल हे ठामपणे म्हणू शकतं.

पथ्य लागू पडतंय का?

बहुतेक मुलांचा स्वभाव आणि भूक काही आठवड्यांत सुधारते, मग वजन, मग उंची. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, नंतर दरवर्षी. टीटीजी हळूहळू उतरतं. त्याला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात. ते उतरत नसेल तर बहुधा कुठून तरी ग्लुटेन जातंय : गिरणी, हिंग, शाळा किंवा नानीकडची सुट्टी. मुलाला रागावण्याआधी या जागा तपासा. लोह आणि ड जीवनसत्त्वाचं औषध डॉक्टर सांगतील तेवढे दिवस द्या.

आणि मूल बरं झालं, गाल भरले, की 'आता थोडा गहू देऊन बघू' असं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा सांगायचं की मूल बरं आहे ते गहू बंद आहे म्हणून. हे पथ्य कायमचं आहे. पण भात, भाकरी, डाळ, मटण आणि फिरनी असलेल्या ताटावर मूल इंशाअल्लाह इतर मुलांसारखंच वाढेल.