कातड्यापासून तराफ्यापर्यंत

कुलूच्या खोऱ्यात बियास नदीवरून रबरी तराफ्याने सहल करणे हल्ली नवलाचे राहिलेले नाही. कुलूजवळच्या पिरडीपासून झिरीपर्यंत सुमारे १४ किलोमीटरांची ही वाट. अंगात फुगीर जाकीट घालायचे, हाती वल्हे धरायचे. बाकीचे काम नदीच करते. करमणूक नवी खरी, पण वाऱ्याने फुगवलेल्या वस्तूवर भरवसा ठेवून हे पाणी तरण्याची विद्या फार जुनी आहे, बरं का!

बियास म्हणजे ऋग्वेदातली विपाश्. तिसऱ्या मंडलात विश्वामित्र तिला आणि शुतुद्रीला, म्हणजे सतलजेला, आमचे गाडे पार होण्यापुरते पाणी उतरू द्या, असे विनवतात. ग्रीकांनी हिलाच हायफासिस म्हटले. इ. स. पूर्व ३२६ मध्ये शिकंदर हिच्याच काठावरून परतला. साधन नव्हते म्हणावे, तर तसे नाही. तीनच वर्षांपूर्वी त्याने कडबा भरलेल्या कातड्यांवरून आमूदर्या पाच दिवसांत ओलांडली होती. इथे अडले ते पाणी नव्हे, शिपायांचे मन!

पहाडातले तारू मात्र अगदी साधे. म्हशीचे अखंड कातडे शिवायचे, एका पायातून हवा भरायची आणि तोंड आवळायचे. नावाडी त्यावर पालथा पडून पायांनी नि आखूड वल्ह्याने पाणी मारी. उतारू त्याच्या पाठीवर बसे. ओझे फार असले, तर दोन कातड्यांवर खाट बांधत. १८२० साली विल्यम मूरक्रॉफ्ट या प्रवाशाचा तांडा सतलजेवरून असाच पार झाला. १८६६ मध्ये सॅम्युएल बोर्न याने बजौऱ्याखाली, म्हणजे आजच्या तराफ्यांच्याच टापूत, बियासकाठच्या या कातड्यांचे छायाचित्र घेतले. पुढे पूल झाले आणि कातडी वाळत पडली.

त्या नावाड्याचे खरे भांडवल कातडे नव्हते, पाण्याची ओळख होती. बर्फाची नदी सकाळी शांत असते. दिवसभर ऊन तापले, की वरचे वितळलेले पाणी उशिरा खाली पोचते आणि आभाळात ढग नसतानाही नदी चढते. आता त्यात धरणांची भर पडली. ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ, लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते नौकेत नव्हते. नुसते काठावरच्या खडकांवर उभे होते. पाणी कधी चढेल, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

म्हणून १५ जुलै ते १५ सप्टेंबर हिमाचलात तराफे बंद ठेवतात, ते उगाच नव्हे. आपण तिकडे गेलात, तर हौसेने तराफ्यात बसा. पण आधी तिथल्या नावाड्याला एवढे अवश्य विचारा: आज पाणी काय म्हणते? आणि तो 'नको' म्हणाला, तर हट्ट धरू नका. विश्वामित्रांनीसुद्धा नदीला आधी विचारलेच होते!