स्मृतिभ्रंशाची चाचणी आणि निरक्षर वृद्ध

स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शियाच्या तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी १९७५ ची ‘मिनी मेंटल स्टेट’ चाचणी वाचन, लेखन आणि शंभरातून सात-सात वजा करणे अपेक्षिते. शाळा न पाहिलेला वृद्ध निरोगी असूनही तीत मागे पडतो. यास्तव हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण वृद्धांसाठी निराळी हिंदी चाचणी रचण्यात आली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडच्या माडिया वृद्धांपुढे अडचण दुहेरी आहे. त्यांची बोली द्राविडी कुळातील असल्याने अनेकांना हिंदी, मराठी प्रश्नही परके वाटतात. देशातील साठीपुढील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भामरागडात असे मोजमाप करायचे, तर प्रश्न माडियात आणि शेती, बाजार, नातीगोती यांतूनच विचारावे लागतील. एरवी निरक्षरता हाच आजार ठरेल आणि खरा रुग्ण ‘म्हातारपण’ म्हणून उपचारांविना राहील.